चोर सोडून केळ्याला फाशी

पत्र :

ताई, वजन कमी करायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी ठरवलं की आता फळंच फळं. सकाळी नाश्त्याऐवजी संत्र्याचा मोठा ग्लासभर ज्यूस, अकरा वाजता ऑफिसमध्ये सहा मोठे खजूर आणि मूठभर बेदाणे, संध्याकाळी जिमवरून आल्यावर स्मूदी (दोन केळी, आंबा, ग्लासभर दूध, दोन मोठे चमचे मध आणि तेवढंच पीनट बटर), आणि रात्री जेवण नाहीच, फक्त एक वाडगं कापलेली फळं. दुपारी तेवढं नीट जेवते. पहिल्या दहा दिवसांत दोन किलो उतरलं, मी खूश, आणि मग जे थांबलं ते थांबलंच, आता तर काटा सुरुवातीपेक्षा अर्धा किलो जास्त दाखवतोय. जिमचा ट्रेनर म्हणतो फळं बंद कर, फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, सरळ चरबी होते, केळं आणि आंबा तर विष, आणि रात्रीचं ते वाडगं आधी बंद कर. मोठी बहीण म्हणते फळांच्या कॅलरी मोजायच्याच नसतात, फळं खाऊन कधी कुणी जाड झालंय का. मी दोघांच्या मध्ये लटकलेय. रात्री साडेअकराला भूक लागून पाच-सहा बिस्किटं खाते हेही कबूल करून टाकते. फळं खाऊ की सोडू?

– केळ्याला घाबरलेली

उत्तर :

अगं बाई, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग कागद-पेन घेऊन बसले, कारण तू खाण्याची यादी इतकी प्रामाणिक दिलीयेस की हिशोब केल्याशिवाय राहवेना. (बहुतेक लोक स्मूदीतला मध सांगायचं विसरतात. बिस्किटं तर विसरतातच.)

तर हा बघ हिशोब, अंदाजे आहे, पाच-पंचवीस इकडेतिकडे होतील. संत्र्याच्या ज्यूसचा मोठा ग्लास म्हणजे साडेतीनशे मिली धरू, त्याच्या १६० कॅलरी. खजूर तू मोठे म्हणतेस, तसा एक खजूर बी काढून २४ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात ६५ कॅलरी असतात, सहांचे झाले जवळजवळ ४००. मूठभर बेदाणे, चाळीस ग्रॅम धरले तरी १२०. आता स्मूदी. दोन केळ्यांचे २१०, आंब्याच्या वाटीभर फोडींचे १००, दुधाचे १५०, मधाचे सव्वाशे आणि पीनट बटरचे १९०, म्हणजे एका ग्लासात पावणेआठशे. पावणेआठशे! हे कित्येकांचं पोटभर जेवण असतं आणि तू ते जिमच्या पिशवीची चेनही न उघडता उभ्या उभ्या पिऊन टाकतेस. आणि शेवटी ते बदनाम रात्रीचं वाडगं, तीनशे ग्रॅम मिक्स फळं धरली तर फार तर १८०.

एकूण सोळाशेच्या वर गेलं, आणि यात दुपारचं जेवण अजून धरलेलंच नाही, बिस्किटंही नाहीत. तुझं वय-उंची तू लिहिलेलं नाहीस, पण बऱ्याचशा बायकांचं दिवसभराचं गणित १८०० ते २२०० च्या मध्ये कुठेतरी बसतं, त्यामुळे काटा वर का सरकतोय याचं कोडं मला तरी पडलं नाही.

आता या यादीकडे परत एकदा बघ. ट्रेनरने काय बंद करायला सांगितलं? वाडगं, केळं आणि आंबा. या तिघांचे मिळून पाचशेही होत नाहीत. उरलेले अकराशे कुठून येतायत तर ज्यूस, खजूर, बेदाणे, मध, पीनट बटर आणि दूध, आणि त्यांच्याबद्दल तो चकार शब्द बोललेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बरं दूध आणि पीनट बटर हे पदार्थ म्हणून वाईट नाहीत हां, फक्त ते 'मी आज फळं खाल्ली' या नावाखाली गुपचूप आत शिरले आणि तुझ्या डोक्यात त्यांची नोंदच झाली नाही.

फळांचं जे काही आहे ते सगळं पाण्यात आहे. सफरचंदात शंभरातले ८६ भाग पाणी असतं, कलिंगडात तर ९१-९२. म्हणून शंभर ग्रॅम सफरचंदात ५२ कॅलरी, कलिंगडात ३०, संत्र्यात ४७, पपईत ४३, पेरूत ६८ (पण त्यात पाच ग्रॅमच्या वर फायबर, जे फळांमध्ये पुष्कळच आहे), आणि तुझ्या त्या विषारी आंब्यात ६०, केळ्यात ८९. आता बिस्किटं बघ, शंभर ग्रॅमला साडेचारशे-पाचशे. म्हणजे ज्या केळ्याला घाबरून तू ते सोडायला निघालीस त्या एका केळ्यात १०५ कॅलरी आणि तीन ग्रॅम फायबर, आणि रात्री साडेअकराला अंधारात खाल्लेल्या दोन मोठ्या बिस्किटांत जवळपास तेवढ्याच कॅलरी आणि फायबरच्या नावाने शंख.

पण हेच पाणी काढून टाकलं की काय होतं ते मी एकदा घरी करून बघितलं होतं. वजनकाट्यावर एक वाटी ठेवली आणि त्यात शंभर ग्रॅम बेदाणे घातले. छोटीशी वाटी, अर्धीच भरली, बघून वाटलं की हे तर टीव्ही बघता बघता संपेल. त्यात असतात ३०० कॅलरी. मग तेवढ्याच कॅलरीची ताजी द्राक्षं मोजायला घेतली, ती झाली जवळजवळ ४३५ ग्रॅम, एका भांड्यात मावेनात, दुसरं घ्यावं लागलं. अर्धा तास ते भांडं समोर घेऊन बसले होते आणि तिसरा हिस्सा उरलाच, शेवटी फ्रिजमध्ये ढकलला. बेदाण्यांची वाटी मात्र... जाऊ दे. सांगायचं एवढंच की द्राक्ष आणि बेदाणा एकाच वेलाची लेकरं असली तरी पोटाला ती एकसारखी वाटत नाहीत, पोट वजन आणि आकार मोजतं, त्याला कॅलरी वाचता येत नाही.

ज्यूसचं तर याहून वाईट. बेदाण्यातून निदान पाणीच जातं, फायबर राहतं, आणि चावावं तरी लागतं. ज्यूस काढताना पाणी आणि साखर राहते आणि जे उपयोगाचं होतं ते गाळणीत अडकून कचऱ्यात जातं. १९७७ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा प्रयोग छापून आला होता, मला तो फार आवडतो कारण त्यात काही म्हणजे काही अवघड नाही. दहा निरोगी माणसं घेतली, त्यांना एकदा अख्खी सफरचंदं दिली, एकदा त्याच सफरचंदांची प्युरी आणि एकदा ज्यूस, साखरेचं प्रमाण तिन्ही वेळा सारखंच. ज्यूस अख्ख्या सफरचंदांपेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला. अकरा पट! आणि पोट भरल्यासारखं सगळ्यात जास्त वाटलं ते अख्ख्या सफरचंदांनी, मग प्युरीने, आणि ज्यूसने सगळ्यात कमी. ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त वर गेलं आणि रक्तातली साखर नंतर खाली घसरली. तुला सकाळी नऊला ज्यूस पिऊन अकराला खजुरांची आठवण का येते, आता कळलं?

एक ग्लास ज्यूसला तीन-चार संत्री लागतात. मला सांग, सकाळी सकाळी तू चार संत्री सोलून खाशील? मी तर दुसऱ्यालाच कंटाळते, हात चिकट होतात, बिया थुंकायला जागा शोधावी लागते. हा कंटाळाच तर हवाय आपल्याला. फळ सोलणं, चावणं, बिया काढणं ही जी सगळी कटकट आहे ना, तोच त्याचा ब्रेक आहे, आणि आपण मिक्सर आणून तो ब्रेक काढून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल ज्या सूचना दिल्या त्यातही हाच भेद आहे, कमी करायच्या साखरेत त्यांनी ज्यूसमधली आणि मधातली साखर धरली, अख्ख्या फळातली धरली नाही.

स्मूदीला मी ज्यूसइतकं वाईट म्हणणार नाही, त्यात चोथा आतच राहतो. पण पिणं ते पिणंच, दोन केळी आणि आंबा तू बसून खाल्ला असतास तर पीनट बटरची बरणी उघडायचा विचारही आला नसता. त्यात मध का घालतेस हे तर मला कळलंच नाही, पिकलेलं केळं आणि आंबा असताना अजून किती गोड करायचंय गं? मध हेल्दी असतो वगैरे ठीक आहे, पण वजनाच्या हिशोबात तो साखरेचा सख्खा भाऊ आहे.

आता तुझ्या ट्रेनरचं फ्रुक्टोज. तो अगदीच खोटं बोलत नाहीये, म्हणून तर ते पटकन पटतं. फ्रुक्टोजचा निपटारा बराचसा लिव्हरमध्ये होतो हे खरंय, आणि थोड्या वेळात भरपूर फ्रुक्टोज आलं तर लिव्हर त्यातल्या काहीची चरबी बनवतं हेही खरंय. पण 'भरपूर' कशाला म्हणायचं? एका मध्यम सफरचंदात सगळ्या प्रकारची मिळून १९ ग्रॅम साखर असते, त्यात फ्रुक्टोज दहा-अकरा ग्रॅम, आणि तेही फायबर आणि पाण्यात गुंडाळून हळूहळू येणारं. कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये पस्तीसेक ग्रॅम साखर असते आणि ती चार घोटांत आत. अशी गोड पेयं आणि फळं एकाच तागडीत तोलायची म्हणजे पावसाची सर आणि पूर एकच म्हणण्यासारखं आहे. २०१२ मध्ये फ्रुक्टोजवरच्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असं दिसलं की दुसऱ्या कार्ब्जच्या जागी तेवढ्याच कॅलरीचं फ्रुक्टोज दिलं तर वजन वाढलं नाही, जेवणावर आणखी वरून जास्तीचं ओतलं तेव्हा वाढलं. म्हणजे दोष जास्तीच्या कॅलरीचा निघाला. 'फळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि चरबी जळायची थांबते' हेही तो पुढच्या आठवड्यात सांगेल बघ, तर तेव्हा त्याला विचार की मग जेवल्यावर काय होतं. दिवसभरात काय आलं आणि काय खर्च झालं यावर ठरतं ते, एका केळ्याच्या अर्ध्या तासावर नाही.

आणि हो, डायबेटिसवाल्यांचं उदाहरण देऊन तो घाबरवेल, तर तेही ऐकून ठेव. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये, नुकताच टाईप २ डायबेटिस निघालेल्या ६३ जाड माणसांचे दोन गट केले होते. एकाला सांगितलं रोज निदान दोन फळं खा, दुसऱ्याला सांगितलं दोनच्या वर जाऊ नका. बाकी आहाराचा सल्ला दोघांना सारखाच. बारा आठवड्यांनी एचबीए१सीमध्ये (दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) फरक नाही, आणि वजन दोन्ही गटांचं उतरलं, जास्त फळंवाल्यांचं अडीच किलो आणि कमी फळंवाल्यांचं १.७, हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका बारीक आहे. पण फळं खाऊन त्यांचं वजन चढलं नाही, आपल्याला तेवढं पुरे.

इतकं फळांच्या बाजूने बोलल्यावर आता तुझ्या बहिणीकडे वळते, तीही सुटणार नाहीये. 'फळांच्या कॅलरी मोजायच्या नसतात' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि यातली मजा म्हणजे हे म्हणणारीला वाटत असतं की फळ खाल्लं की आधी खाल्लेलं पुसलं जातं. जेवून उठायचं आणि वर वाडगंभर फळं खायची, का तर वजन कमी करायचंय! फळात चरबी जाळणारं काही नसतं. अननसात नसतं, पपईत नसतं, लिंबाच्या कोमट पाण्यातही नसतं. माणसांना नुसतं 'फळं-भाज्या वाढवा' इतकंच सांगितलेल्या प्रयोगांचा आढावा २०१४ मध्ये आला होता आणि त्यात वजनावर म्हणावा असा काहीच परिणाम दिसला नव्हता. कारण साधं आहे, नुसतं वाढवून काय होणार, काहीतरी जायला नको का ताटातून?

माझं सगळं म्हणणं या एकाच प्रश्नात आहे, हे फळ कशाच्या जागी आलं? चारच्या बिस्किटांच्या जागी केळं आलं, केळ्याला माझा नमस्कार. बिस्किटं खाऊन वर केळं आलं, तर केळं बिचारं काय करणार. जेवणानंतरच्या आइस्क्रीमच्या जागी आंबा आला, उत्तम. आइस्क्रीमवर आंब्याच्या फोडी आल्या, तर ते आइस्क्रीमच आहे, त्याला फ्रूट सॅलड म्हटल्याने फरक पडत नाही.

अमेरिकेत १,३३,००० हून जास्त लोकांच्या खाण्याच्या आणि वजनाच्या नोंदी जवळजवळ २४ वर्षं ठेवल्या होत्या, ते आकडे २०१५ मध्ये आले. दिवसाला फळाचा एक भाग वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी पाव किलोने कमी भरलं, सफरचंद-पेअरवाल्यांचं अर्ध्या किलोच्या थोडं वर. चार वर्षांत पाव किलो! म्हणजे दिशा चांगली आहे, पण जादू नाही. शिवाय या नुसत्या नोंदी आहेत, फळं खाणारी माणसं चालायलाही जास्त जात असतील, कुणी सांगावं. बहिणीला हा आकडा नक्की वाचून दाखव.

फळ कामाला कधी लावायचं ते सांगते. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात ५८ जणांवर प्रयोग झाला, दुपारच्या जेवणाआधी त्यांना कधी सफरचंद, कधी सफरचंदाचा सॉस, कधी ज्यूस दिला आणि कधी काहीच नाही, मग जेवायला बसवलं, हवं तितकं खा म्हणून. सफरचंद खाल्लेल्या दिवशी त्यांनी, सफरचंदाच्या कॅलरी धरूनसुद्धा, १५ टक्के कमी खाल्लं. ज्यूसवाल्या दिवशी असं झालं नाही, ज्यूसमध्ये वेगळं फायबर मिसळून दिलं तरी झालं नाही. २००९ चा आहे हा. म्हणजे ज्यांना ताटावर बसलं की हात आवरत नाही त्यांनी पंधरा-वीस मिनिटं आधी एक सफरचंद कुरकुर चावून खावं, सालीसकट. सिडनीत १९९५ मध्ये ३८ पदार्थांची 'पोट किती भरतं' अशी परीक्षा घेतली होती, सगळ्यांच्या २४० कॅलरी खायला देऊन. पांढऱ्या ब्रेडला शंभर मार्क धरले. संत्र्याला २०२ मिळाले, सफरचंदाला १९७, द्राक्षांना १६२, केळ्याला ११८, आणि क्रॉसाँला (लोणी घातलेला फ्रेंच पाव) ४७. तुझं केळं वर्गात पहिलं आलं नाही, पण पास आहे आणि ब्रेडच्या पुढे आहे.

रात्री फळ खाल्लं तर त्याची चरबी होते, जेवणाबरोबर खाल्लं तर पोटात सडतं, उपाशी पोटीच खावं, यातलं काही मनावर घेऊ नकोस. पोटात इतकं ॲसिड असतं की तिथे दोन-चार तासांत काही सडत नाही. घड्याळ बघून फळाच्या कॅलरी बदलत नाहीत. केळं हिरवट असताना त्यात स्टार्च जास्त आणि पिकल्यावर साखर जास्त इतकाच फरक, एकूण कॅलरी जवळपास त्याच. सफरचंद, पेअर, आंबा खाऊन काहींचं पोट फुगतं, त्यांना फ्रुक्टोज नीट पचत नाही, पण फुगलेलं पोट म्हणजे चरबी नव्हे, दुसऱ्या दिवशी उतरतं.

तुझ्या रात्रीच्या वाडग्याला मी निर्दोष म्हटलं, पण रात्रीचं जेवण म्हणून ते नापास आहे. साखर-फ्रुक्टोज त्यातलं काहीच कारण नाही, त्यात प्रोटीन नाही हे कारण आहे. तीनशे ग्रॅम फळांत जेमतेम दोन ग्रॅम प्रोटीन असतं, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला कमीत कमी ४८ ग्रॅम तरी हवं, वजन उतरवताना आणि जिम करताना त्याहून जास्त, नाहीतर चरबीच्या जोडीला स्नायूही झिजतात. साडेआठला फळं खाल्लीस, अकरापर्यंत ती गेली पुढे, साडेअकराला तू बिस्किटांच्या डब्यापाशी. यात तुझी इच्छाशक्ती वगैरे कमी नाहीये, तुला खरोखर भूक लागलेली आहे गं.

मला हे पाठ आहे कारण मी स्वतः एकदा नुसत्या कलिंगडावर चार दिवस काढलेत. एका लग्नात जुना ड्रेस बसवायचा होता. पहिल्या दिवशी काय हलकं वाटलं, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी घरात कुणी चमचा आपटला तरी मला राग यायचा, आणि चौथ्या रात्री मी फ्रिजच्या उजेडात उभी राहून चीजच्या स्लाइस कागद सोलून सोलून खात होते, किती ते मोजलं नाही. वजन दोन किलो उतरलं होतं आणि आठवड्यात दोन किलो परत आलं. तुझे पहिले दोन किलो बहुतेक याच जातीचे. आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा चारशे-पाचशे ग्रॅमचा साठा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो, खाणं एकदम बदललं, मीठ कमी झालं की हे पाणी निघून जातं आणि काटा आपल्याला आनंद देतो. एक किलो खरी चरबी जायला साडेसात हजारांच्या वर कॅलरीची तूट लागते, दहा दिवसांत दोन किलो चरबी म्हणजे रोज दीड हजाराची तूट झाली, आणि तुझ्या यादीत तर तूटच नाहीये. त्यामुळे 'फळांनी आधी कमी झालं आणि मग फळांनीच वाढलं' यातलं काहीच झालेलं नाही.

मग करायचं काय. ज्यूस आजच बंद, त्याऐवजी एक अख्खं संत्रं आणि सोबत पोटाला आधार देईल असं काही, अंडी म्हण, दही म्हण. नाश्ता परत आण, तो काढून तू काही कमावलेलं नाहीस. खजूर आवडतात तर दोन खा, मोजून, आणि डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस, नाहीतर दोनाचे सहा कधी होतात कळत नाही. बेदाण्यांच्या जागी ताजं काहीही. जिमनंतर एक केळं आणि ग्लासभर दूध घे पण वेगवेगळं, केळं चाव आणि दूध पी, मिक्सर धुवायचं कामही वाचलं. आंबा फोडी करून, प्लेटमध्ये घेऊन, बसून. पीनट बटर हवंच असेल तर केळ्यावर एक छोटा चमचा. रात्री साधं जेवण, डाळ, मासे, चिकन, टोफू जे तुझ्या घरात चालत असेल ते आणि भाजी, आणि वाडग्याचं अर्धं करून ते जेवणाच्या शेवटी गोड म्हणून. दिवसाची चार-पाच फळं झाली यात, तेवढी पुष्कळ आहेत. हे बदल केलेस तर रोजचे सहज पाचशे-सहाशे कमी होतील आणि तुला उपाशीही राहावं लागणार नाही, उलट मला वाटतं तू आत्तापेक्षा जास्त वेळा चावशील.

एक सांगायचं राहिलं. तुला डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा किडनीचा त्रास असेल (तेव्हा केळं-संत्र्यातलं पोटॅशियम बघावं लागतं), तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोल, माझ्या भरवशावर राहू नकोस. आणि कुणी ग्रेपफ्रूट डाएट सांगितलं आणि घरात कुणाची कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी विचारून घ्या, ते फळ काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढवून ठेवतं.

ट्रेनरशी भांडत बसू नकोस, स्क्वॅट तो चांगले शिकवत असेल तर तेवढे शिकून घे. आणि रात्री साडेअकराला परत भूक लागलीच कधी, तर द्राक्षं धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये टाकून ठेव. दगडासारखी होतात, एकेक चघळत बसावं लागतं, आणि मी तरी अजून एका वेळी बाराच्या वर खाऊ शकलेले नाही, दात शिवशिवतात.